मोतिया रंग

बर्फाच्या लाद्या विरघळून त्यांचे पाणी व्हरांड्याच्या पायरीपर्यंत पोहोचले, तरी सुजयची टॅक्सी आली नव्हती. दुर्गजवळच्या पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 10 मधल्या त्या क्वार्टरासमोर एक निळी ताडपत्री दोन झाडांना बांधली होती आणि तिच्याखाली ओमप्रकाशांचे प्लांटमधले जुने सहकारी खुर्च्यांवर हळू आवाजात बोलत बसले होते. ओमप्रकाशांच्या पत्नी कमलिनीवहिनी यांचा देह पहाटे हॉस्पिटलमधून घरी आणला होता. मुलगा हैदराबादहून यायचा होता आणि तुमसरहून भाऊ माहेरची साडी घेऊन यायचा होता. त्या दोघांवाचून काही हलणार नव्हते. वैशाखाचे ऊन मात्र आपल्या वेळेने चढत होते.

वसुंधराबाई आतल्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओमप्रकाशांची ही धाकटी बहीण गेल्या दिवाळीपासून दुर्गमधले, पद्मनाभपुरातले आपले घर सोडून भावजयीच्या सेवेला इथेच राहिली होती. मूत्रपिंडांनी काम सोडल्यावर वहिनींच्या अंगावर चढत गेलेली सूज, त्यांची औषधे, त्यांचे रात्रीचे तळमळणे, सगळे वसुंधराबाईंच्या हातून झाले होते आणि तेव्हा त्यांना कुणी अडवले नव्हते. आज सकाळी मात्र शेजारच्या ममताबाईंनी त्यांचा दंड हलकेच धरून त्यांना बाहेर आणून बसवले होते. "आता सवाष्णींचं काम हाय, बाई. तुम्ही बसा." सवाष्ण गेली की तिला न्हाऊ-माखू घालून नेसवायचे ते सवाष्णींनीच, आणि वसुंधराबाई ऐन तिशीत विधवा झालेल्या.

बाहेर बसण्याचे त्यांना काही वाटले नाही. त्यांना बोचत होते ते वेगळेच. गेल्या आठवड्यात, दुपारी, खोलीत दोघीच असताना वहिनींनी डोळे न उघडता त्यांचा हात धरला होता.

"वसू, मले हिरव्यात गुंडाळू देऊ नको. पेटीत मोतिया साडी हाय. तिच्यावरचं तेच ब्लाउज. केस खाली बांधजो, मानेवर. अन् मोत्यायची एकच सर."

"वहिनी, दादा हायेत अजून. असं पांढरं कसं..."

"पांढरं नाही, मोतिया. तू तुझी घालून घालून फाडली. माझी अजून घडीची हाय."

"दादाले सांगा ना तुम्ही."

वहिनी किंचित हसल्या होत्या. "त्यायले सांगता आलं असतं तर तुले कायले सांगतलं असतं?"

ही गोष्ट घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती. आणि नवऱ्यामागे जगणाऱ्या बाईने, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला पांढरे नेसवा असे सांगायचे, म्हणजे त्याचा अर्थ लोक काय काढतील हे वसुंधराबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती साडी आणि ते ब्लाउज रशियन मासिकांच्या काळातले. प्लांट उभारायला आलेली रशियन कुटुंबे परत जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या घरांतली मासिके सुपेल्याच्या बाजारातल्या रद्दीवाल्याकडे येऊन पडत. तुमसरजवळच्या खेड्यातून नुकत्याच लग्न होऊन आलेल्या कमलिनीवहिनी ती किलोने घेऊन येत. एक अक्षर वाचता येत नव्हते. पण त्या चित्रांतल्या बाया वसुंधराबाईंना अजून जशाच्या तशा दिसत: एक जिन्याच्या कठड्यावर हातमोजा टेकवून उभी, एकीच्या डोक्यावर बशीएवढी टोपी, एक पाठमोरी, मान जराशी वळवलेली, आणि तिच्या मोतिया रंगाच्या झग्यावर फूल नाही, जर नाही, किनारही नाही.

"काहीच लावलं नाही, तरी नजर हटत नाही," वहिनी म्हणाल्या होत्या. "कशामुळे, सांग?" आणि मग स्वतःच बोट ठेवून दाखवले होते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर नेमकी बसलेली होती.

प्रत्येक अंकात घडी घातलेला एक मोठा कागद असे. त्यावर पाच-दहा कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या, रेल्वे यार्डाच्या नकाशासारख्या. ओमप्रकाश पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले होते. त्यांनी ट्रेसिंग पेपर आणला आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकेक रेष वेगळी काढून दिली, केसाचा फरक न ठेवता. वहिनींनी त्या रेषेवरून तशीच कात्री चालवली. ब्लाउज दंडातच अडकले. त्या कागदांवर शिवणीची माया, म्हणजे कडेला आत दुमडायचे जास्तीचे कापड, धरलेली नसे, ती शिवणाऱ्याने आपली आपण सोडायची असे, आणि हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हते.

"माझं ड्रॉइंग बरोबर आहे," ओमप्रकाश म्हणाले होते.

"मंग मीच चूक हाय. रबर आना अन् मले खोडा," वहिनी म्हणाल्या, आणि दोघे इतके हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून पाहायला आल्या. त्या दिवसापासून वहिनी दोन बोटे माया सोडू लागल्या. शिंपी त्यांना हसत. त्या म्हणत, माणूस काही ट्रेसिंग पेपरवर राहत नाही.

पुढे त्याच शिंप्यांकडे सेक्टरमधल्या बाया येऊन कमलिनीबाईंचा गळा मागू लागल्या, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सरळ गेलेला, गळ्याच्या हाडांवर टेकलेला. बाही कोपराच्या जरा वर थांबलेली. निऱ्या अरुंद. दागिना एक. पार्टीत जरीच्या साड्यांच्या घोळक्यात वहिनी उभ्या राहिल्या की इतर बायांचे हात आपोआप आपल्या गळ्यातल्या तिसऱ्या-चौथ्या माळेकडे जात.

वसुंधराबाईंचे यजमान काविळीने गेले तेव्हा त्यांच्या सासरच्यांनी त्यांना जाडेभरडे पांढरे लुगडे दिले. वहिनींनी मोतिया रेशमाचा एक तागा आणला, त्यातून दोन साड्या काढल्या आणि एकाच कागदावरून दोन ब्लाउज कापले, एक नणंदेसाठी, एक स्वतःसाठी. "तिकडं पांढऱ्यात बाया नाचाले जातात, वसू. नेसायचंच हाय तर असं नेस, की समोरच्याले तुझी कीव यायच्या आधी हेवा वाटला पायजे." वसुंधराबाई ती साडी नेसून शाळेत शिकवायला गेल्या, आणि विरेपर्यंत नेसत राहिल्या. वहिनींनी आपली एकदाच नेसली, नव्या वर्षाच्या पार्टीला. परत आल्या तेव्हा सासूबाईंनी, ओमप्रकाशांच्या आईने, त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले आणि तोंडावर पदर घेऊन, मुलगा गेल्यासारखा हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी साडी पेटीत गेली. ओमप्रकाश त्या वेळी काहीच बोलले नव्हते.

वहिनींचे भाऊ रामाजी आणि त्यांच्या पत्नी मैनाबाई आधी आले. रामाजींच्या काखेत कापडी पिशवी होती आणि तिच्यातून हिरव्यागार साडीचा जरीकाठ बाहेर आला होता. मैनाबाईंनी दारातच गळा काढला. पाठोपाठ सुजय आणि त्याची बायको प्राची येऊन पोहोचली. सुजय आईच्या पायांशी बसला, उठला, पुन्हा बसला. मग स्वयंपाकघरात पाणी प्यायला सगळे जमले, तेव्हा वसुंधराबाईंनी दार लोटून घेतले आणि जे सांगायचे ते सांगून टाकले.

मैनाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"का म्हणता?" मैनाबाई म्हणाल्या. "नवरा बाहेर खुर्चीवर बसून हाय, अन् तिले पांढरं?"

"मोतिया, मैनाबाई."

"मोतिया म्हना का दुधिया म्हना. वसूबाई, तुमच्या नशिबी आलं ते तिच्या अंगावर कावून घालून राहिल्या?"

हे असेच येणार हे वसुंधराबाईंना ठाऊक होते. तरीही त्यांनी ओट्याची कड धरली.

"मामी, बस," सुजय म्हणाला. पण तो आत्याकडे वळला तेव्हा त्याच्याही आवाजात दया नव्हती. "आत्या, प्लीज. ये सब अभी मत करो. बाहेर बाबांचे सगळे ऑफिसवाले बसलेत. लोग क्या सोचेंगे? कौन-कौन को समझाएंगे?"

"आईंनी स्वतः म्हटलं असेल तर?" प्राची म्हणाली. हैदराबादला ती जुन्या मासिकांतल्या नमुन्यांवरून ब्लाउज शिवून घेऊन मोबाइलवरच्या आपल्या पेजवरून विकायची. सासूबाईंच्या मासिकांतली कितीतरी पाने तिने फोनमध्ये उतरवून नेली होती. "सुजय, मी पाहिली आहे ती साडी. इतकी क्लासिक आहे. आई म्हणजे तीच साडी आहे. त्या गळ्याचं ब्लाउज आजकल कोई बना ही नहीं सकता. एक फोटो तरी..."

"तेरा पेज नहीं है ये, प्राची. मेरी माँ है."

प्राचीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आपल्या बाजूने बोललेले एकुलते एक माणूस असे गप्प झाले, आणि ज्या कारणासाठी ते बोलले होते तेही वसुंधराबाईंच्या मनाला लागले.

रामाजींनी पिशवीतून साडी काढून दोन्ही हातांवर धरली. दुकानाची टाचणी अजून तिच्यात होती.

"बाई, बहिणीले शेवटचं लुगडं भावाचं राहते. मी तिले उभ्या जन्मात का देल्लं? भाऊबीजेले येतो म्हणो अन् धान कापाचं म्हणून येत नव्हतो. हे तरी तिच्या अंगावर जाऊ द्या."

मैनाबाईंच्या टोमण्यापेक्षा हे जड होते. तरी वसुंधराबाई म्हणाल्या, "दादाले विचारू. ते म्हणतील तसं."

ओमप्रकाश आत आले. त्यांच्या शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणे लावलेली होती. बहिणीचे बोलणे त्यांनी मान खाली घालून, मध्ये न तोडता ऐकले.

"आणखी कोणी ऐकलं हे?"

"नाही, दादा. दोघीच होतो."

"मी व्हरांड्यातच बसून राहत होतो दिवसभर. मले कावून नाही सांगतलं तिनं?"

वसुंधराबाईंनी खोटे बोलायचे ठरवले असते तर ती वेळ हीच होती. "तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

ओमप्रकाशांनी चष्मा काढला. तो पुसायला रुमाल हवा होता, तो खिशात नव्हता. मग चष्मा तसाच हातात राहिला.

"वसू, मी जिवंत आहे. तिच्या कपाळावरचं कुंकू एवढी वर्षं माझ्या नावाचं होतं. आज तिले पांढऱ्यात नेलं, तर लोकांचं सोड, मले सांग, मी कोण? ताडपत्रीखाली बसलेला मेलेला माणूस?" त्यांचा आवाज चढला नाही. "आई रडली होती त्या दिवशी. तेव्हा मले वाटलं होतं, आई येडी आहे. आता नाही वाटत."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हिरवी नेसवा," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

आतल्या खोलीचे दार बंद झाले. वसुंधराबाई पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. पाणी ओतल्याचे आवाज आले, बादली सरकली, मैनाबाई कुणालातरी "धर, धर" म्हणाल्या. मग बराच वेळ नुसती कुजबुज. बाहेरून सुजयने दार वाजवले. "मामी, जल्दी करा. गाडी येऊन उभी आहे."

दार किलकिले झाले आणि प्राची बाहेर आली. तिचे हात ओले होते.

"आत्या, ब्लाउज नाही जात. मामींनी आणलेलं, आईंचे जुने, एकही नाही. हात उचलत नाहीत, सूज इतकी... मामी म्हणतात, राहू द्या, नुसती साडी लपेटून देऊ, पूर्वीच्या बाया का ब्लाउज घालत होत्या." तिने मागे दाराकडे पाहिले. "आत्या, आईंना? वैसे ही?"

पिनेची टोकेसुद्धा दिसू न देणाऱ्या त्या बाईला, साठ माणसांसमोर, नुसती गुंडाळून.

वसुंधराबाई उठल्या. गुडघ्याला हात लावून उठल्या, साडी झटकली आणि उंबरठा ओलांडून आत गेल्या.

"वसूबाई, तुम्ही आत..."

"ब्लाउज घालता येते तुम्हाले, मैनाबाई? नाही ना. मंग सरका."

त्यांनी कोपऱ्यातली पेटी उघडली. साडीला हात लावला नाही. तिच्या घडीतले ब्लाउज तेवढे काढले, खिडकीपाशी नेऊन उलटे केले आणि शिवणयंत्राच्या खणातले ब्लेड घेतले. वहिनींचा हात त्यांना पाठ होता. बगलेतून सुरुवात करून कुशीची शिवण उसवली, मग बाहीची, मग पाठीची मधली, वरपासून खालपर्यंत. दोरा जुना होता, पट्‌पट् सुटत गेला. आत दोन बोटे कापड घडी घालून दडवलेले, दोन्ही कुशींना, बाहीला, पाठीला. न धुतल्यामुळे बाहेरच्यापेक्षा उजळ. कात्री कुठेच लावावी लागली नाही. पाठ पूर्ण मोकळी झाल्यावर त्यांनी ते समोरून, लहान मुलाला झबले घालावे तसे, एकेक हातात हळूहळू चढवले. सुजेखाली खांद्याचे हाड सापडेना. त्यांनी डोळे मिटून, बोटाने दाबत ते शोधले आणि शिवण त्याच्यावर आणून ठेवली.

"सुई," त्या म्हणाल्या. प्राचीने ओवून दिली. दोघींनी वहिनींना कुशीवर वळवले आणि वसुंधराबाईंनी पाठीवर मोठमोठे टाके घातले.

मैनाबाई हात गुंडाळून उभ्या होत्या. मग त्यांनी वाकून बाहीच्या कडेला बोट लावले. "हे तिनं हातानं शिवलं?"

"हो."

"आमच्या घरची पोर." मग हिरवी साडी उलगडून त्यांनी टाचणी काढून टाकली. "पदर दोन्ही खांद्यावरून घ्या. गळ्यापाशी आवळून. भाऊजीले दिसाले नाही पायजे. मी काही पाह्यलं नाही."

साडी हिरवी नेसवली. हिरवा चुडा, ओटी, हळद, सगळे मैनाबाईंनी रीतीने केले. प्राचीने न विचारता केस विंचरले आणि मानेवर खाली बांधले. या वेळी तिचा फोन कुठे होता कुणास ठाऊक. वसुंधराबाईंना तो दिसला नाही.

कुंकू भरायला ओमप्रकाशांना आत बोलावले. दारात रामाजी, त्यांच्यामागे सुजय. ओमप्रकाश गुडघ्यांवर बसले. वाटीतले कुंकू त्यांनी अंगठ्यावर घेतले आणि वाकले. त्यांच्या मनगटाने पदराची कड ओढली गेली आणि तो बाजूला सरला.

या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत मोतिया गळा उघडा पडला. हिरव्याच्या मधोमध तो फार शांत दिसत होता.

मैनाबाईंनी झटकन वाकून पदर आवळला. "सरकते बापा, नवी हाय," त्या पुटपुटल्या.

ओमप्रकाशांचा अंगठा हवेत थांबला होता. त्यांनी वर पाहिले. खोलीत जिथे असायला नको होती तिथे, सवाष्णींच्या रांगेत, त्यांची बहीण उभी होती आणि तिच्या पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि भांगात शेवटपर्यंत, कुठेही न तुटू देता, कुंकू भरले.

उठून ते बोळात आले. वसुंधराबाई मागोमाग आल्या. बाहेर तिरडी बांधून झाली होती.

"तू तिचं ऐकलं," ओमप्रकाश म्हणाले.

"हो, दादा."

"माझं नाही."

साडी हिरवीच नेसवली आहे, असे म्हणता आले असते. ते खोटे नव्हते. वसुंधराबाईंनी ते म्हटले नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

ओमप्रकाशांनी मान हलवली. "मंग तू आता घरी जा, वसू. रागानं नाही म्हणत. तेरवीलेही येऊ नको. तू समोर दिसली की मले हेच आठवत राहीन, की तिनं जाताना तुले सांगतलं, मले नाही. ते सोसत नाही मले. या वयात नाही सोसत."

"तुमचं जेवणखाण, औषध..."

"जा."

प्राची धावत आली आणि गाडीने सोडते म्हणाली. वसुंधराबाईंनी तिला परत पाठवले. सुनेने आज घरातच असायला हवे होते. ताडपत्रीखालच्या माणसांनी त्यांना वाट दिली. तिरडी उचलायच्या आधी घरची बाई कुठे निघाली, असे कुणीतरी कुणालातरी विचारले.

त्या कोपऱ्यावरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचल्या तेव्हा मागून शववाहिनी आली. वसुंधराबाई कडेच्या गुलमोहराखाली सरकून हात जोडून उभ्या राहिल्या. काचेतून हिरवा जरीकाठ दिसला आणि त्यावर ठेवलेला रामाजींचा हात. ओमप्रकाश पुढे, ड्रायव्हरशेजारी, समोर पाहत बसले होते. त्यांनी बहिणीला पाहिले असावे, कारण त्यांचा चेहरा जरा जास्तच ताठ झाला. मागे स्कूटर आणि मोटारी जात राहिल्या. मग रस्ता रिकामा झाला.

एक ऑटो येऊन थांबला. "कहाँ जाना है, अम्मा?"

"पद्मनाभपुर."

ऑटो वळून चांगला लांब आल्यावर वसुंधराबाईंच्या लक्षात आले की आपल्या घराची किल्ली वहिनींच्या खोलीत, खिडकीच्या खिळ्याला टांगलेली राहिली आहे. ऑटोवाल्याला मागे वळव म्हणायला त्यांनी तोंड उघडले, आणि मिटले. दुर्गचे ऊन समोरून तोंडावर येत होते. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि ऑटो जात होता तिकडे जाऊ दिला.